सोबत कोण?

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक मेळाव्यात, सोलापूर येथील महिला-सभेत केलेले भाषण)



वक्तृत्व हा माझा प्रांत नव्हे. तथापि गेल्या वर्षी घरात घडलेल्या एका गोष्टीने मला बोलावयास भाग पाडले आहे. माझी भाची परिचारिका आहे. तिचे यजमान निवर्तल्याला चार वर्षे झाली. पदरी दोन मुले, थोरला आठ वर्षांचा, धाकटी तीन. आयर्लंडमधील एका रुग्णालयात तिची नेमणूक झाल्याचे पत्र आले आणि आमच्या घरी माणसांची रीघ लागली. अभिनंदन सर्वांनीच केले. पण चहाची कपबशी खाली ठेवताना प्रत्येकाने एकच प्रश्न विचारला, ''सोबत कोण?'' ती म्हणे, ''मुले आहेत ना.'' त्यावर लोक हसत. मुले म्हणजे सोबत नव्हे, ओझे, असा त्या हसण्याचा अर्थ होता. मीच तिला सांगितले की, मुलांना दोन वर्षे माझ्याजवळ ठेव आणि तू एकटी जा. तिने ते ऐकले नाही. तिचा रागही आला. त्या रागाच्या भरातच मी एक जुने चरित्र पुन्हा वाचावयास घेतले.

सोलापूरहून पुण्यास जाताना दौंड मागे पडले की केडगावचे स्थानक लागते. तेथे पंडिता रमाबाईंनी मुक्तिसदन वसविले, हे आपणांस ठाऊक आहे. त्यांची विद्वत्ता, कलकत्त्याच्या पंडितांनी केलेला गौरव, पुढचे धर्मांतर, यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. पण त्या तान्ह्या मुलीला घेऊन विलायतेस गेलेल्या एकट्या आई होत्या, या बाजूने त्यांच्याकडे मी तरी पूर्वी पाहिले नव्हते.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. १८८० मध्ये त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. वर ब्राह्मण नव्हते, त्यामुळे दोन्हीकडच्या नातलगांचा आधार सुटला. १८८१ च्या एप्रिलात मनोरमा जन्मली. १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने यजमान गेले. मूल दहा महिन्यांचे, आई चोवीस वर्षांचीही नव्हती. माहेर तर दुष्काळातच संपलेले. अशा स्थितीत त्या पुण्यास आल्या, आर्य महिला समाज काढला आणि 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहिले. त्याच्या विक्रीतून आलेला पैसा विलायतेच्या प्रवासास उपयोगी पडला. प्रवासखर्चासाठी कोणापुढे पदर पसरण्याऐवजी ग्रंथ लिहून तो विकणारी ही बाई मला फार मोठी वाटते.

१८८३ च्या एप्रिलात आगबोटीने त्या मुंबईहून निघाल्या. मुलीला नुकते दुसरे वर्ष पूर्ण झाले होते. सोबत होत्या आनंदीबाई भगत. म्हणजे ''सोबत कोण?'' या प्रश्नाला त्यांच्याजवळ लोकांना पटेल असे उत्तर होते. ते टिकले मात्र नाही. वाँटेज येथील भगिनींच्या मठात पोहोचल्यावर काही महिन्यांतच आनंदीबाईंनी आत्मघात केला. परक्या देशात, थंडीच्या तोंडावर, सोबतीण अशी गेली आणि उरली दोन वर्षांची मुलगी. त्यातच कानांनी दगा दिला. वैद्यक शिकावे म्हणून रमाबाई गेल्या होत्या. ऐकू कमी येते म्हणून तो मार्ग बंद झाला. त्याच सप्टेंबरात त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. त्या निर्णयाविषयी या सभेत दोन मते असतील आणि असोत. माझा आजचा विषय तो नव्हे.

पुढे त्या चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात संस्कृत शिकवीत शिकू लागल्या आणि मुलगी काही काळ वाँटेजला भगिनींच्या सांभाळात राहिली. येथून जो वाद निर्माण झाला तो प्रत्येक आईने वाचावा असा आहे. मठातील भगिनी जेरल्डीन यांनी मुलीला मायेने वाढविले, यात शंका नाही. पण मुलीला काय शिकवावयाचे हे ठरविण्याचा अधिकार आईचा की सांभाळणाऱ्यांचा? ज्या मतावर आपली श्रद्धा बसलेली नाही ते मुलीला शिकवू नये, असे रमाबाईंनी आश्रयदात्यांनाच कळविले. मुलीने आपल्या देशाच्या माणसांत त्यांच्यातलीच एक म्हणून वाढावे, त्यांच्याहून कोणी निराळी होऊ नये, हाही त्यांचा आग्रह होता. हा पत्रव्यवहार १९७७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेला आहे. ज्यांच्या घरी राहावयाचे, ज्यांचे अन्न खावयाचे, त्यांनाच असे लिहावयाचे, याला किती धैर्य लागत असेल याची कल्पना करा! सासरी दोन शब्द बोलताना आपला जीव खालीवर होतो.

१८८६ मध्ये मुलीला घेऊनच त्या अमेरिकेस गेल्या. ११ मार्चला फिलाडेल्फिया येथे आनंदीबाई जोशी यांना वैद्यकाची पदवी मिळाली, त्या समारंभास त्या उपस्थित होत्या. या आनंदीबाईही १८८३ च्या एप्रिलातच, कलकत्त्याहून, यजमानांवाचून निघाल्या होत्या; त्यांचे मूल मात्र दहा दिवसांचेच होऊन गेले होते.

अमेरिकेत व्याख्यानांचे दौरे वाढले आणि पाच वर्षांच्या मनोरमेला इंग्लंडला परत पाठवावे लागले. येथे मी वाचावयाची थांबले. भाचीला मी जे सांगितले होते, तेच रमाबाईंना करणे भाग पडले होते. त्यांनी ते हौसेने केले नाही, आणि मुलीला ते सोपे गेले असेल असे मला वाटत नाही. पण रमाबाईंना ते कामाने करावयास लावले. माझ्या भाचीला ते मी, तिची मावशी, करावयास लावीत होते, आणि तेही लोक काय म्हणतील म्हणून.

मनोरमाबाई मोठ्या होऊन आईच्या कामात उभ्या राहिल्या. गुलबर्ग्यास त्यांनी शाळाही काढली. आईचे काम केडगावला, मुलीचे गुलबर्ग्याला, आणि मधल्या रेल्वेमार्गावर आपले सोलापूर! १९२१ मध्ये मनोरमाबाई वारल्या. पुढच्या एप्रिलात रमाबाई गेल्या.

आता मंडळाच्या कार्यकारिणीस थोडे सांगावयाचे आहे. समुद्र ओलांडणाऱ्यास प्रायश्चित्त घ्यावयास लावणाऱ्या ज्ञातिसभा एके काळी ठिकठिकाणी भरत. आज आपण परदेशी जाणाऱ्यांचा सत्कार करतो. ठीक आहे. पण आपल्या साहाय्यनिधीच्या अर्जात 'वडील अथवा पती यांची सही' हा रकाना अजून आहे. भारत सरकारने २०१६ च्या डिसेंबरात पारपत्राच्या अर्जाचा नियम बदलला आणि आई किंवा वडील यांपैकी एकाचे नाव पुरेसे ठरविले. सरकारला जे जमले ते आपल्याला जमू नये काय? शिवाय निधीतून मिळते ते फक्त जाणाऱ्याचे भाडे. लहान मुलांच्या भाड्याची तरतूद त्यात नाही. म्हणजे एकट्या आईने मुले मागे ठेवावीत, असे आपणच तिला सुचवितो. तो रकाना काढावा आणि मुलांचे भाडे निधीत धरावे, असा ठराव मी मांडीत आहे. अनुमोदन कोणी द्यावे हे सभेने ठरवावे.

भाची येत्या जूनमध्ये निघणार आहे. मुलांचे जन्मदाखले, यजमानांचा मृत्यूचा दाखला, लसी टोचल्याच्या नोंदी, शाळेचे कागद, सर्व तिने एका पिशवीत घातले आहे आणि ती पिशवी थोरल्याच्या खांद्यावर राहणार आहे. तिकिटे तीन काढली आहेत. तिसऱ्याचे पैसे मी दिले.