नकार वेळेवर द्या



वर्ध्यात शिकवण्याविषयी बोलायला उभं राहायचं म्हणजे दडपण येतं. 22 आणि 23 ऑक्टोबर 1937 ला याच गावात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि हाताने काम करत शिकण्याचा विचार इथून देशभर गेला. तकलीवरचं सूत तुटलं तर पोर ते पुन्हा जोडतं आणि त्यातूनच शिकतं. मी विमान चालवायला शिकवतो. माझ्याकडे काही चुकांना दुसरी खेप नसते.

समोर आयटीआयचे निदेशक आहेत, नर्सिंगच्या शिक्षिका आहेत, ड्रायव्हिंग स्कूलवाले आहेत. प्रत्येकाच्या हातात एक सही आहे. माझी सही पहिल्या सोलोची. त्या दिवशी प्रशिक्षक विमानातून खाली उतरतो, दार लावतो आणि विद्यार्थी एकटा आकाशात जातो.

सेलू तालुक्यातला एक मुलगा माझ्याकडे होता. हुशार, नम्र, लेखी परीक्षेत पुढे. वडिलांनी वावर विकून फी भरली होती. सेसना 152 मध्ये आम्ही खांद्याला खांदा लावून बसायचो. धावपट्टी जवळ आली की त्याचे हात आखडायचे. एका सकाळी जमीन वीसेक फुटांवर असताना त्याने योक, म्हणजे विमानाचं सुकाणू, पोटाशी ओढलं. नाक वर गेलं, वेग पडला, स्टॉलचा, म्हणजे पंखांची उचल संपत आल्याचा, भोंगा वाजू लागला. मी म्हणालो, ‘आय हॅव कंट्रोल.’ हे ऐकताच विद्यार्थ्याने हात सोडायचे असतात. त्याने सोडले नाहीत. मी थ्रॉटल पूर्ण पुढे ढकलला, योक जोर लावून पुढे रेटलं आणि आम्ही वाचलो. असं तिसऱ्यांदा घडलं होतं.

तरी मी काय म्हणालो? ‘अजून पाच तास बघू.’ मग पुन्हा पाच. मला त्याच्या बापाचं वावर दिसत होतं. संस्थेलाही तास हवेच होते, कारण तासावर पैसे मिळतात. शेवटी त्याच्या नोंदवहीत मी लिहिलं, ‘सोलोला सोडू नये.’ वडील भेटायला आले, बाकावर बसले आणि एवढंच म्हणाले, ‘सर, हे आता सांगता?’

त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. नकार बरोबर होता, पण फार उशिरा आला होता. त्या उशिराला मी दया समजत होतो आणि त्या दयेचा खर्च तो शेतकरी भरत होता.

काही जण म्हणतात, आपण नाही म्हटलं तर विद्यार्थी दुसऱ्या फ्लाइंग क्लबात जाईल. जाईलही. म्हणूनच नोंद हवी. 23 फेब्रुवारी 2019 ला अमेरिकेत ह्यूस्टनजवळ अ‍ॅटलस एअरचं बोइंग 767 मालवाहू विमान कोसळलं, तिघं गेले. सहवैमानिक आधीच्या कंपन्यांच्या प्रशिक्षणात वारंवार कमी पडला होता आणि नव्या कंपनीपासून त्याने ते लपवलं होतं. त्याला एका कंपनीतून दुसरीत जाऊ देणाऱ्यांत वाईट माणूस कुणीच नसेल. प्रत्येकाने फक्त आपल्या दारातून त्याला बाहेर जाऊ दिलं.

आपल्या शेजारीच, 18 मार्च 2023 ला गोंदियाच्या बिरसीहून उडालेलं प्रशिक्षण विमान बालाघाटच्या डोंगरात पडलं. प्रशिक्षक आणि विद्यार्थिनी दोघं गेली. दोष कुणाचा, हे सांगायला मी ते काढत नाही. आमच्या धंद्यात गुरू आणि शिष्य एकाच काचेमागे बसतात, एवढंच सांगायचं आहे. मोटारीत शेजारी बसणाऱ्या शिक्षकाला हे कळेल. आणि जिच्या शिकाऊ मुलीच्या हातातली सुई तिसऱ्याच माणसाच्या शिरेत जाते, त्या शिक्षिकेला तर जास्तच कळेल.

न जमणाऱ्याला नाही म्हणणं हा शिकवण्याचाच भाग आहे. ते सुरुवातीला, समोर बसवून, कागदावर, आणि आईवडिलांच्या खिशात पैसे शिल्लक असताना व्हायला हवं.

दुपारच्या सत्रात एक ठराव मांडणार आहे. प्रशिक्षकाने धोक्याची नोंद केली की संस्थेने ती खोडू नये, नकार देणाऱ्याची नोकरी जाऊ नये आणि विद्यार्थ्याची उरलेली फी परत मिळावी. जेवण आटोपून वेळेवर या आणि या ठरावाच्या बाजूने हात वर करा.