आगोट आणि घबराट

(रायगडच्या किनारपट्टीतील शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर केलेले भाषण)



महागाईवर बोलावयाचे म्हटले की वक्त्याला श्रोत्यांची मनधरणी करावी लागत नाही. किराण्याची यादी प्रत्येकाच्या खिशात असते आणि मागल्या महिन्याच्या यादीशी तिचा मेळ बसत नाही, हा अनुभव सर्वांचाच असतो. परंतु आज मला प्रामुख्याने बोलावयाचे आहे ते महागाईच्या मागोमाग येणाऱ्या घबराटीविषयी. महागाईची कारणे पुष्कळदा आपल्या गावाबाहेर, कित्येकदा देशाबाहेरही असतात. घबराट मात्र गावातच जन्मते, गावातच वाढते आणि गावालाच ती आवरताही येते. म्हणून तिच्याविषयी आपणासारख्यांशी बोलणे मला अधिक उपयोगाचे वाटते.

आपल्या किनाऱ्याला साठवण नवी नाही. उरणपासून श्रीवर्धनपर्यंत कोणत्याही वृद्ध गृहिणीला विचारा, ती 'आगोट' म्हणजे काय हे सांगेल. मृग लागण्यापूर्वी पावसाळ्याच्या चार महिन्यांची बेगमी करावयाची, ती आगोट. चैत्र-वैशाखाच्या उन्हात तांदूळ आणि कडधान्य वाळवून कणगीत आणि डब्यांत भरावयाचे, मसाला कुटून ठेवावयाचा, पापड घालावयाचे, कोकम सुकवावयाचे, सुकट, बोंबील आणि सोडे बांधून ठेवावयाचे आणि अलिबागच्या पांढऱ्या कांद्याच्या माळा आढ्याला टांगावयाच्या. हे सारे हौसेखातर होत नसे. पावसाळ्यात खाड्या फुगत, वाटा बंद पडत, मुंबईशी होणारी लाँचची वाहतूक थांबे आणि दर्याला उधाण येई. आजही जून व जुलै या दोन महिन्यांत यांत्रिक नौकांच्या मासेमारीस शासनाची बंदी असते. त्या दिवसांत कोळीवाड्यातील पुष्कळ चुली सुक्या मासळीवरच चालतात.

मग आगोट आणि घबराटीची खरेदी यांत फरक कोणता? दोन्हींत मनुष्य घरात माल भरून ठेवतो. फरक आहे तो वेळेचा आणि मापाचा. आगोट भरली जाते ती बाजारात माल मुबलक असताना, घरातील माणसे मोजून आणि महिने मोजून. टंचाईच्या दिवसांत आगोट भरलेले घर बाजारात येतच नाही, त्यामुळे उरलेला माल इतरांस मिळतो. घबराटीची खरेदी याच्या नेमकी उलट होते. बाजारात माल कमी झाला, किंवा होणार असे नुसते कानावर आले, की मनुष्य धावतो, आणि घरातील गरज न मोजता शेजारी किती घेतो ते पाहून घेतो. आगोट बाजारावरचा भार हलका करते, तर घबराट तो एकाच दिवसात लादते.

याचे एक बोलके उदाहरण मिठाचे आहे. सन २०१६ च्या नोव्हेंबरात, मोठ्या नोटा चलनातून रद्द झाल्यानंतर तिसऱ्या दिवशी, ११ तारखेस सायंकाळी, मीठ संपत आले असून ते शेकडो रुपये किलो झाले आहे, अशी आवई उत्तर भारतात उठली. दिल्ली व उत्तर प्रदेशात दुकानांवर झुंबड उडाली, आणि भ्रमणध्वनीवरून ती वार्ता रात्रीतून मुंबईपर्यंत पोहोचली. तुटवडा नसल्याचे केंद्र शासनास जाहीर करावे लागले. आता विचार करा. मिठाच्या उत्पादनात आपला देश जगात तिसऱ्या क्रमांकाचा मानला जातो, आणि त्यातील तीन चतुर्थांशांहून अधिक मीठ एकटा गुजरात पिकवितो. उरण-पेणच्या मिठागरांच्या कडेने ज्यांचे बालपण गेले, त्यांना तरी मीठ संपेल ही कल्पना हास्यास्पद वाटावयास हवी. तरीही त्या रात्री कित्येक दुकानांतील मीठ खरोखरच संपले. आवई खोटी होती, पण तिच्यावरील विश्वासाने रिकामी झालेली फळी खरी होती.

हे कसे घडते, ते साध्या अंकगणिताने पाहू. समजा, एका गावात तीनशे घरे आहेत आणि प्रत्येक घरास महिन्याला एक किलो मीठ लागते. दुकानदार महिन्याला तीनशे किलो मीठ आणतो. एके सायंकाळी पंचाहत्तर घरांनी प्रत्येकी चार किलो मीठ नेले, की फळी रिकामी झाली. उरलेल्या दोनशे पंचवीस घरांस मीठ नाही. गावात आलेले मीठ एका चिमटीनेही घटलेले नाही, त्याची जागा तेवढी बदलली आहे. दुसऱ्या दिवशी ती दोनशे पंचवीस घरे रिकामी फळी पाहतात आणि कालची आवई खरीच होती, असे त्यांना पटते. शेजारच्या गावातील दुकानाकडे लोक धावतात, आणि तेथे हाच हिशेब पुन्हा मांडला जातो. आपल्या वाण्याचा माल पनवेलहून किंवा वाशीच्या घाऊक बाजारातून ठराविक दिवशी येतो. दुकानाचा साठा नेहमीच्या खपाला पुरेल एवढाच असतो, एका रात्रीच्या मागणीला तो पुरणार नाही.

या पंचाहत्तर घरांत कोण असते आणि दोनशे पंचवीसांत कोण, हा खरा प्रश्न आहे. ज्याच्या हाती आगाऊ पैसा आहे, तोच चौपट माल उचलू शकतो. वीटभट्टीवर किंवा कोळसाभट्टीवर राबणारे कातकरी कुटुंब, नौकेवरील खलाशी, दुसऱ्याच्या वाडीत शिंपणे-काढणे करणारी मजूर स्त्री, ही माणसे दिवसाच्या मजुरीतून दिवसाचा किराणा घेतात. संध्याकाळी दिवेलागणीला ती दुकानात येतात, तेलाची लहानशी पिशवी, पावशेर डाळ आणि मूठभर मसाला घेतात. त्यांच्यापाशी आगोटीला पैसा नसतो आणि घबराटीलाही नसतो. आवई ऐकूनही ती धावू शकत नाहीत, आणि सकाळच्या झुंबडीनंतर संध्याकाळी जी रिकामी फळी उरते, ती त्यांच्या वाट्याला येते. घबराटीचा दंड असा नेहमी घबराट न करणाऱ्यांकडून वसूल होतो.

इतिहासाने याची भयंकर साक्ष दिली आहे. १९४२ साली ब्रह्मदेश जपानच्या ताब्यात गेला आणि तेथून येणारा तांदूळ थांबला. पुढल्या वर्षी बंगालमध्ये जो दुष्काळ पडला, त्यात वीस ते तीस लाख माणसे दगावल्याचे अंदाज आहेत. अर्थशास्त्रज्ञ अमर्त्य सेन यांनी १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात दाखविले की, त्यांच्या हिशेबाप्रमाणे १९४३ साली बंगालमध्ये उपलब्ध असलेला तांदूळ १९४१ सालापेक्षा कमी नव्हता, आणि १९४१ साली तर दुष्काळ पडला नव्हता. युद्धकाळातील खर्चाने भाव चढले, त्यात साठेबाजी आणि भीतीपोटी झालेली खरेदी यांची भर पडली, आणि ज्यांची मिळकत भावाबरोबर चढली नाही त्यांच्या हातून अन्न निसटले. सर्वाधिक होरपळलेल्यांत शेतमजूर होते आणि मच्छीमार होते. किनाऱ्यावर राहणाऱ्या आपण हे विसरता कामा नये.

घबराट हे अशिक्षितपणाचे लक्षण आहे, असे मात्र कोणी समजू नये. २० जुलै २०२३ रोजी भारत सरकारने बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाच्या निर्यातीवर बंदी घातली. ती वार्ता पोहोचताच अमेरिकेतील भारतीय किराणा दुकानांपुढे रांगा लागल्या. उच्च विद्याविभूषित, सुस्थितीतील कुटुंबांनी पिशव्यांवर पिशव्या उचलल्या आणि काही दुकानदारांना 'एका कुटुंबास एकच पिशवी' अशी पाटी लावावी लागली. ती बंदी पुढे सप्टेंबर २०२४ मध्ये उठली. शिक्षणाने भीती जात नाही. वेळेवर आणि विश्वासार्ह माहिती मिळाली तर ती आवरते.

येथे एक सावधगिरीची गोष्ट सांगितली पाहिजे. प्रत्येक भाववाढीला 'अफवा' म्हणून झटकून टाकणे हेही तितकेच चुकीचे आहे. २०२२ च्या फेब्रुवारीत युक्रेनमध्ये युद्ध पेटले आणि सूर्यफुलाच्या तेलाची आवक अडली. त्याच वर्षी एप्रिलच्या अखेरीस इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात काही आठवडे बंद केली. आपला देश खाद्यतेलाच्या गरजेपैकी निम्म्याहून अधिक तेल बाहेरून आणतो. त्यामुळे मुरूडच्या दुकानातील तेलाच्या पिशवीचा भाव चढला तो खऱ्या कारणाने चढला. अशा वेळी गृहिणीला 'घाबरू नका' एवढेच सांगणे म्हणजे तिच्या अडचणीची थट्टा होय. भाव का चढला, माल येणार आहे की नाही, किती दिवसांनी येणार, हे तिला सांगितले पाहिजे. 'साठा पुरेसा आहे' या तीन शब्दांवर लोक विश्वास ठेवीत नाहीत. 'दुकानात अमुक पोती आहेत आणि पुढली गाडी शुक्रवारी येत आहे' या वाक्यावर ते ठेवतात.

महागाईपुढे लोकांनी गप्प बसावे, असेही मला सुचवावयाचे नाही. १९७२ च्या भीषण दुष्काळाच्या काळात मुंबईत महागाईविरुद्ध स्त्रियांची संयुक्त आघाडी उभी राहिली. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासारख्या भिन्न पक्षांच्या नेत्या एकत्र आल्या आणि हजारो गृहिणी लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. त्यांची मागणी काय होती? तेल, साखर, रॉकेल वाजवी भावात आणि सर्वांना मिळावे, दडवलेला माल बाहेर यावा. आपल्या घरात डबे भरून घेण्याचा मार्ग त्यांनी धरला नाही. महागाईला सामुदायिक उत्तर कसे असते, याचा तो वस्तुपाठ आहे.

शासनाच्या हाती साधने आहेत. १९५५ च्या जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली व्यापाऱ्यांच्या साठ्यावर मर्यादा घालता येते. जून २०२३ मध्ये तूर, उडीद आणि गहू यांवर अशी मर्यादा घातली गेली होती. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीस दरमहा पाच किलो आणि अंत्योदय कुटुंबास पस्तीस किलो धान्याचा हक्क दिला आहे. परंतु घराच्या स्वयंपाकघरात कोणताही कायदा डोकावत नाही आणि डोकावूही नये. तेथे रीत चालते. आगोट ही अशीच एक रीत होती आणि तिने माप शिकविले होते.

२०२० सालाने या रीतीचीही परीक्षा घेतली. २४ मार्चच्या रात्री देशव्यापी टाळेबंदी जाहीर होताच, किराणा चालू राहणार असे सांगितले जाऊनही, ठिकठिकाणी दुकानांवर गर्दी लोटली. त्यानंतर अडीच महिन्यांत, ३ जून रोजी दुपारी, निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस आपल्या किनाऱ्यावर येऊन धडकले. मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा या भागांत घरांचे पत्रे आणि कौले उडाली, वाड्या आडव्या झाल्या, अनेक गावे कितीतरी दिवस विजेवाचून राहिली. तो आगोट भरून झाल्याचा हंगाम होता. ज्या घरांवरचे छप्पर गेले, त्यांची बेगमी एका दुपारी भिजली. आपल्या घरातला साठा आपल्याला तारील, ही समजूत किती अपुरी आहे, हे त्या दिवशी कळले. ज्याची कणगी भिजली त्याला शेजाऱ्याच्या कोरड्या कणगीचा, गावच्या दुकानाचा आणि रास्त भाव दुकानाचाच आधार होता. शेजाऱ्याची चूल पेटती ठेवणे हा आपल्याच चुलीचा विमा आहे.

आता आपण काय करावे? ग्रामपंचायत सदस्यांना माझी विनंती अशी की, रास्त भाव दुकानाची दक्षता समिती कागदावर ठेवू नका. दुकानात किती धान्य आले, किती वाटले, किती शिल्लक आहे, हे दुकानाबाहेरील फलकावर दरमहा दिसू द्या. आवई उठली तर त्याच संध्याकाळी वाण्याला सोबत घेऊन त्याचा साठा आणि पुढल्या गाडीचा दिवस गावात पुकारा. तुटवडा खरा असेल तर कुटुंबागणिक माप ठरवा आणि लहान पिशव्या संध्याकाळच्या गिऱ्हाइकासाठी बाजूला ठेवावयास सांगा. छापील किमतीहून अधिक पैसे घेतले जात असतील, तर १९१५ या क्रमांकावर ग्राहक तक्रार करू शकतो. शिधावाटपाच्या तक्रारीसाठी १९६७ हा क्रमांक आहे. हे दोन्ही क्रमांक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगविण्यास फारसा खर्च येणार नाही.

शिक्षकांनी तीनशे घरांचे गणित वर्गात घालावे. ते चौथीच्या मुलालाही सुटते, आणि मुलाने घरी सांगितलेला हिशेब आईबाप विसरत नाहीत. शासकीय कर्मचाऱ्यांनी, त्यांत मीही आलो, आकडा हाती आल्यावाचून दिलासा देऊ नये आणि हाती आलेला आकडा दडवू नये.

आगोट भरावयाची असेल तर ती अवश्य भरा. पण माल मुबलक असताना भरा, माणसे मोजून भरा, आणि दुकानाच्या फळीवर संध्याकाळच्या गिऱ्हाइकाचा वाटा शिल्लक ठेवून भरा.