आपलं काम परत येईपर्यंत



मघाशी बक्षीस घेताना शेवटच्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीने मला हळूच विचारलं, “सर, नोकरी लागलीय. पण तिथं किती वर्षं काढू?” मागे रांग होती, उत्तर राहून गेलं. ते आता तुम्हां सर्वांनाच देतो.

माझी पहिली नोकरी चिंचवडच्या एका टूलरूममध्ये होती. प्लॅस्टिकच्या वस्तूंचे मोल्ड आम्ही बनवायचो. दीड वर्षात मला वाटू लागलं, आपल्याला सगळं आलं. दुसरीकडे पगार जास्त मिळत होता. राजीनामा लिहून खिशात ठेवला होता. त्याच आठवड्यात, वर्षभरापूर्वी मी फिटिंग केलेला एक मोल्ड दुरुस्तीला परत आला. एका कोपऱ्यात कड दबली होती आणि तिथून प्लॅस्टिक बाहेर येऊन प्रत्येक नगाला पापुद्र्यासारखा फ्लॅश धरत होता. फोरमनकाकांनी माझं बोट धरून त्या कडेवरून फिरवलं. म्हणाले, “इथं दोन भागांची जुळवणी, ब्लू मॅचिंग, घाईत केलंस. पहिल्या शंभर नगांत दिसलं नाही, आता दिसलं.”

राजीनामा खिशातच राहिला. मी आणखी दोन वर्षं थांबलो आणि खरं काम त्या दोन वर्षांत शिकलो.

म्हणून माझं उत्तर असं, की आपण केलेलं काम एकदा तरी आपल्याकडे परत येईपर्यंत थांबा. सिव्हिलवाल्यांनो, तुम्ही घातलेल्या स्लॅबवरून एक पावसाळा जाऊ द्या. अकाउंट्समध्ये जाणाऱ्यांनी एक मार्चअखेर आणि त्यानंतरचं ऑडिट अंगावर घ्यावं. सॉफ्टवेअरवाल्यांनी आपला प्रोग्रॅम खऱ्या ग्राहकांच्या हातात कुठे अडतो ते बघावं. चूक करणारे आपण आणि निस्तरणारे दुसरेच, असं झालं तर अनुभवाची वर्षं वाढतात, अनुभव वाढत नाही.

एक मोठं उदाहरण बघा. पुण्यात अभियांत्रिकी शिकलेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागले. १९०३ मध्ये खडकवासला धरणाला त्यांनी तयार केलेले स्वयंचलित दरवाजे बसले. त्यानंतरही काही पावसाळे ते त्याच खात्यात होते. १९०८ मध्ये त्यांनी स्वेच्छेने निवृत्ती घेतली आणि पुढच्या वर्षी म्हैसूरचे मुख्य अभियंता झाले. त्यांनी नोकरी सोडली, पण हातचं काम पुरं करून सोडली.

थोडा हिशोबही सांगतो. कायम नोकरीत साधारणपणे सलग पाच वर्षं झाली की ग्रॅच्युइटीचा हक्क मिळतो, दर वर्षामागे पंधरा दिवसांचं वेतन. तेव्हा पाच वर्षांना दोन-चार महिनेच उरले असतील, तर राजीनाम्याआधी कॅलेंडर बघा. करारावर असाल तर नियम वेगळे असतात, नेमणूकपत्र नीट वाचा. नोकरी बदलताना पीएफ काढून मोबाइल घेऊ नका, नव्या खात्यात वर्ग करा. पेन्शनला दहा वर्षांची नोकरी लागते आणि वर्ग केलेली वर्षं त्यात धरली जातात.

मात्र काही ठिकाणी थांबूच नका. पगार थकवतात, प्रेसचं गार्ड काढून मशीनवर उभं करतात, खोट्या रिपोर्टवर सही मागतात, तिथून निघा. आणि परत आलेलं काम दुरुस्त करून झालं, नवं काही हाती येईना, तर अपराधी न वाटता निघा. पालकांनो, लेकरू नोकरी सोडतो म्हणालं तर “पक्की नोकरी सोडतोस?” असं लगेच म्हणू नका. “तिथं काय शिकलास?” हे आधी विचारा. उत्तर ठाम असेल तर त्याला जाऊ द्या.

मी निघालो तेव्हा नोटीस पिरियडमध्ये एक वही लिहिली. प्रत्येक मोल्डचा नंबर, त्याची खोड, त्यावरचा उपाय. शेवटच्या दिवशी ती फोरमनकाकांच्या हातात दिली. पहिल्याच पानावर तो कड दबलेला मोल्ड होता. त्यांनी ते पान सावकाश वाचलं, वही कपाटात ठेवली आणि म्हणाले, “आता जा.”

तुम्हांलाही असं कुणीतरी “आता जा” म्हणावं, हीच माझी शुभेच्छा. सर्व बक्षीसपात्र विद्यार्थ्यांचं मनापासून अभिनंदन.