शोभिवंत माशांचे परोपजीवी रोग : ओळख, उपचार आणि दक्षता



रत्नागिरी जिल्ह्याला मासळीची ओळख करून देण्याची आवश्यकता नाही. मात्र, ताटात येणाऱ्या मासळीइतकेच काचेच्या टाकीत वाढणारे मासेही एखाद्या कुटुंबाचा आधार होऊ शकतात, ही जाणीव अलीकडे वाढत आहे. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत परसातील शोभिवंत मत्स्यसंगोपनासाठी ३ लाख रुपयांचा प्रकल्पखर्च धरण्यात आला. त्यावर सर्वसाधारण लाभार्थींना ४० टक्के आणि महिला व अनुसूचित जाती-जमातींच्या लाभार्थींना ६० टक्के अर्थसाहाय्याची तरतूद करण्यात आली. टाक्या बांधता येतात, बीजही मिळते; परंतु परोपजीवी रोगाची एक साथ आठ-दहा दिवसांत सारा माल बुडवू शकते. बचत गटाच्या भगिनींनी कर्ज काढून उभ्या केलेल्या व्यवसायाला असा फटका बसला, तर तो पुन्हा उभा राहणे कठीण असते. म्हणून आज या रोगांविषयी चार व्यवहार्य गोष्टी आपणापुढे मांडावयाच्या आहेत.

आधी पाणी, मग औषध

मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करू लागले की आपण औषधाच्या बाटलीकडे धावतो. टाकीतील सर्व मासे एकाच वेळी अस्वस्थ झाले असतील, तर दोष बहुधा पाण्याचा असतो. ग्रामपंचायत विहिरीत टीसीएल पावडर टाकते, ते ग्रामस्थांच्या आरोग्यासाठी आवश्यकच आहे. पण त्यातील क्लोरीन माशांच्या कल्ल्यांना जाळते. असे पाणी उघड्या भांड्यात २४ तास ठेवून, हवा खेळवून मगच वापरावे. याउलट, आज एक मासा, उद्या तीन, परवा दहा असा क्रम दिसला, मासे दगडावर अंग घासू लागले, पर मिटून कोपऱ्यात राहू लागले, तर परोपजीवीचा संशय घ्यावा.

पांढऱ्या ठिपक्यांचा रोग

सर्वांत अधिक आढळणारा रोग पांढऱ्या ठिपक्यांचा. अंगावर व परांवर मिठाचे कण शिंपडल्यासारखे ठिपके दिसतात. ‘इक्थिओफ्थिरियस’ नावाचा एकपेशीय जीव त्यास कारण आहे. पावसाळ्यात किंवा थंडीत पाण्याचे तापमान एकाएकी उतरले, की माशांची प्रतिकारशक्ती घटते आणि रोग उचल खातो.

या जीवाचे जीवनचक्र समजून घेतल्याशिवाय उपचार साधत नाही. तो माशाच्या त्वचेखाली शिरून तेथे पोसला जातो. पूर्ण वाढ झाल्यावर त्वचा फोडून टाकीच्या तळाशी जातो, स्वतःभोवती कवच करतो आणि त्यात विभागून शेकडो पिल्ले निर्माण करतो. ही पिल्ले पाण्यात पोहत नवा मासा शोधतात आणि दोनेक दिवसांत तो न मिळाल्यास मरतात. त्वचेखालच्या आणि कवचातल्या अवस्थेपर्यंत औषध पोहोचत नाही. ते फक्त पाण्यात पोहणाऱ्या पिल्लांना मारते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ठिपके गळून पडतात आणि पालनकर्ता रोग बरा झाला असे समजून औषध थांबवतो. वस्तुतः त्याच वेळी तळाशी शेकडो पिल्ले तयार होत असतात. साथ दुसऱ्यांदा येते ती पहिलीपेक्षा तीव्र असते. यास्तव ठिपके दिसेनासे झाल्यावरही किमान आठवडाभर उपचार चालू ठेवावा.

पहिला उपाय आपल्या कोकणातल्या खडे मिठाचा. दर लिटर पाण्यास ३ ग्रॅम मीठ, वेगळे विरघळवून, दोन-तीन हप्त्यांत टाकावे. पाणवनस्पती व बिनखवल्यांचे मासे मीठ कमी सहन करतात, म्हणून त्यांना आधी बाजूस काढावे. उष्ण पाण्यातील माशांसाठी तापमान हळूहळू ३० अंश सेल्सिअसपर्यंत नेल्यास जीवनचक्र लवकर उरकते आणि उपचार परिणामकारक होतो. मात्र गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, म्हणून हवेचा पंप अखंड चालला पाहिजे.

मिठाने भागले नाही तर फॉर्मालिनचे प्रमाण १००० लिटर पाण्यास २५ मिलिलिटर असे आहे. ते एक दिवसाआड, पाणी अंशतः बदलून द्यावे. बाटलीत पांढरा साका दिसल्यास ते द्रावण वापरू नये, तो माशांना विषारी असतो. हातमोजे घालून, मोकळ्या हवेतच काम करावे.

येथे मोजमापाला महत्त्व आहे. ६० सेंटिमीटर लांब, ३० सेंटिमीटर रुंद आणि २५ सेंटिमीटर पाण्याची खोली असलेल्या टाकीत ४५ लिटर पाणी मावते. तिला मीठ १३५ ग्रॅम लागेल, तर फॉर्मालिन सव्वा मिलिलिटरहूनही कमी. ‘एक टोपण’ हे माप नव्हे. शिक्षक बंधू-भगिनींनी शाळेच्या मत्स्यालयावर हे गणित मुलांकडून अवश्य सोडवून घ्यावे.

डोळ्यांना दिसणारे शत्रू

माशाची ऊ म्हणजे ‘आर्ग्युलस’. ही चपटी, पारदर्शक, पाच ते दहा मिलिमीटरची असते. ‘लर्निया’ हा नांगरकृमी आपले डोके माशाच्या मांसात रुतवतो व बाहेर दोऱ्यासारखा लोंबतो. दोन्ही चिमट्याने काढता येतात; परंतु उवेची अंडी काचेला व दगडांना चिकटलेली राहतात, तर नांगरकृमीची पिल्ले पाण्यात असतात. म्हणून टाकी घासून, वाळवून घ्यावी आणि उपचार तीन-चार आठवडे चालू ठेवावा. कल्ल्यांवरील चपटे कृमी मात्र सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसत नाहीत. तेथे तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. जांभ्या प्रदेशातील मृदू पाण्यात मोरचूद माशांना अधिक विषारी ठरतो, म्हणून तो अंदाजाने कधीही टाकू नये. मॅलाकाइट ग्रीन हे रंगद्रव्य खाण्याच्या माशांसाठी निषिद्ध आहे. शोभिवंत माशांच्या टाकीतले असे पाणी तलावात वा ओढ्यात सोडणे गैर होय.

दक्षता हाच उत्तम उपचार

नवीन मासे आणल्यावर त्यांना दोन ते तीन आठवडे वेगळ्या टाकीत ठेवावे. त्यांची जाळी व बादली निराळी असावी. वापरलेली जाळी कडक उन्हात वाळवावी. डासांच्या अळ्या खाण्यासाठी सोडावयाचे गप्पी मासे असोत की गावतळ्यात सोडावयाचे मत्स्यबीज, ग्रामपंचायतीने हाच नियम पाळावा. टाकीतील आजारी मासे कीव येऊन विहिरीत वा तळ्यात सोडू नयेत. एका घरातला रोग त्यामुळे साऱ्या गावाच्या पाण्यात जातो आणि तेथून तो काढणे कोणाच्याही हाती राहत नाही.

या कामी मार्गदर्शन दूर शोधावयास नको. १९५८ साली स्थापन झालेले सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र आणि १९८१ पासूनचे शिरगावचे मत्स्य महाविद्यालय रत्नागिरीतच आहेत. मासे मरू लागण्याची वाट न पाहता, पहिला ठिपका दिसताच आजारी मासा व पाण्याचा नमुना तज्ज्ञांकडे न्यावा. विस्तार अधिकाऱ्यांनी प्रकल्प मंजूर करतानाच विलगीकरणाची एक टाकी आराखड्यात आहे की नाही, हे आवर्जून पाहावे. त्या एका टाकीचा खर्च थोडा आहे; तिच्या अभावी होणारे नुकसान मात्र संपूर्ण व्यवसायाचे असते.