निवेदक, जाहिरात आणि श्रोत्याचे नाव



भारतातील व्यापारी नभोवाणीची कथा एका नकारापासून सुरू होते. १९५२ साली माहिती व नभोवाणी खात्याची धुरा डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांच्याकडे आली आणि त्यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. अभिजात संगीताविषयीची या विद्वान मराठी मंत्र्यांची कळकळ खरी होती. परंतु श्रोत्याने ती मानली नाही. त्याने रेडिओची कळ फिरवली आणि तो थेट सिलोनला जाऊन पोहोचला. दुसऱ्या महायुद्धातील सैनिकांसाठी उभारलेले शक्तिशाली लघुलहरी प्रक्षेपक तेथे होते. लघुलहरी आकाशाच्या वरच्या थरांवरून परावर्तित होतात, त्यामुळे कोलंबोचा आवाज हिमालयाच्या पायथ्यापर्यंत ऐकू येई.

त्याच वर्षी अमीन सयानी यांची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. एका टूथपेस्टच्या खपासाठी निघालेला हा कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित होई आणि त्याच्या फिती विमानाने कोलंबोला जात. आधी भगिनींना आणि मग बंधूंना संबोधणारे सयानी फार अवघड हिंदी वा उर्दू बोलत नसत. माल विकणाऱ्याला सर्वांना कळेल असेच बोलावे लागते, हे त्यामागील साधे व्यापारी कारण. मात्र त्या कारणातून भाषा जोडणारी एक शैली निर्माण झाली, याचे श्रेय व्यापाराला देण्यास साहित्यिक मंडळी आजही फारशी राजी नसतात.

आकाशवाणीने ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू केली आणि श्रोता हळूहळू परतला. पुढे १ नोव्हेंबर १९६७ रोजी याच सेवेवर जाहिराती आल्या, त्या प्रथम मुंबई, पुणे व नागपूर या तीन केंद्रांवर. म्हणजे सरकारी नभोवाणीच्या व्यापारी युगाचा आरंभ महाराष्ट्राच्याच भूमीवर झाला.

या व्यवसायात काळ विकला जातो. जाहिरातीचा दर दहा सेकंदांवर ठरतो. म्हणून निवेदकाला घड्याळ पोटात घेऊनच बोलावे लागते. जुन्या काळी चुकलेला शब्द काढायचा तर ध्वनिफीत ब्लेडने कापून पुन्हा चिकटवावी लागे. साहजिकच बोलण्यापूर्वी विचार करण्याची सवय जडे. आज संगणकाच्या पडद्यावर तेच काम क्षणात होते. ही सोय मोठी खरी. पण ती शिस्त आता स्वतःहून पाळावी लागते.

श्रोत्याशी नाते होते ते पत्राचे. आजच्या झारखंडमधील झुमरी तलैया हे अभ्रकाच्या खाणींचे गाव देशभर ठाऊक झाले ते तेथून येणाऱ्या फर्माइशींमुळे. गाणे तर एरवीही लागणारच असे. पत्र लिहिणाऱ्याला हवे असे ते स्वतःचे आणि गावाचे नाव. ते उच्चारले जाणे ही त्या माणसाची देशाने घेतलेली दखल होती.

२००१ साली बंगळूरमध्ये पहिली खासगी एफएम वाहिनी सुरू झाली. एफएमचा आवाज स्वच्छ, पण पल्ला एका शहराचा आणि त्याच्या आसपासचा. त्यामुळे नभोवाणी शहराची झाली; आरजे तुंबलेल्या रस्त्याविषयी बोलू लागला, कोपऱ्यावरचा सराफ आणि शिकवणीवर्गही जाहिरात देऊ लागले. खासगी वाहिनीला स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा मात्र मिळाली नाही. गाणी आणि गप्पा एवढ्यावरच तिचा संसार चालला.

डिजिटल माध्यमाने या संसाराची मांडणीच बदलली. अमीन सयानींची गीतमाला ‘कारवाँ’ नावाच्या पेटीत साठवून विकली गेली. विविध भारती आणि मुंबई आकाशवाणीची मराठी ‘अस्मिता’ वाहिनी मोबाइलवर ऐकू येऊ लागली. एफएमवरील ‘यादों का इडियट बॉक्स’मधून कथाकथनासाठी नावारूपाला आलेले नीलेश मिश्रा आता यूट्यूबवरही गोष्टी सांगतात.

त्यांचे उदाहरण लक्षात घेण्याजोगे आहे. वाहिनीवर गाणे वाजवण्याचा परवाना पॉडकास्टला चालत नाही. त्यासाठी निराळे हक्क घ्यावे लागतात आणि ते महाग पडतात. परिणामी एखादा आरजे आपला कार्यक्रम इंटरनेटवर नेतो, तेव्हा गाणी मागे राहतात आणि उरते केवळ बोलणे. दोन गाण्यांच्या मधल्या जागेत जे चुरचुरीत वाटे, ते सलग वीस मिनिटे ऐकवत नाही. ज्याच्यापाशी गोष्ट आहे, माहिती आहे, वाचन आहे, तोच येथे तरतो. नव्या यंत्रापेक्षा हीच खरी अडचण आहे आणि तिच्यावर कोणत्याही तांत्रिक प्रशिक्षणाचा उतारा नाही.

महाराष्ट्राबाहेर वाढणाऱ्या मराठी मुलांसाठी या बदलाला दुसरी बाजूही आहे. एफएमच्या व्यवहारात परप्रांतातील मराठी श्रोता बाजार म्हणून कधी मोजलाच गेला नाही; एका शहरात तो संख्येने नेहमी थोडाच. इंटरनेटवर इंदूर, बडोदा, हैदराबाद आणि बेळगाव येथील श्रोते प्रथमच एका कार्यक्रमापाशी एकत्र येऊ शकतात. कार्यक्रमकर्त्याला कोणत्या शहरातून किती जणांनी ऐकले, कोणत्या मिनिटाला सोडून दिले, हे सारे आकड्यांत दिसते. मात्र त्या आकड्यांत कोणाचे नाव नसते. पत्र लिहिणारा कोणावर रागावला आहे, कोणासाठी गाणे मागतो आहे, हे पोस्टकार्डावर दिसत असे. आलेखात तेवढे दिसत नाही.

आणि प्रश्न पैशांचा आहेच. इंदुरातील साडीच्या दुकानाला हैदराबादचा श्रोता काय कामाचा? स्थानिक जाहिरातीवर चालणारा जुना हिशेब येथे लागू पडत नाही. यूट्यूबसारख्या मंचावर जाहिरातीतून येणारी रक्कम हजारांच्या हिशेबाने ठरते, ती ठरवणारा मंच दूरचा असतो, आणि तो दर मराठी निवेदकाला विचारून ठरत नाही. म्हणून अनेक आरजे सकाळी वाहिनीवर बोलतात, दुपारी एखाद्या दुकानाच्या उद्‌घाटनाचे सूत्रसंचालन करतात आणि आपला मराठी पॉडकास्ट रात्री, घर शांत झाल्यावर, पंख्याचा आवाज येऊ नये म्हणून पंखा बंद करून ध्वनिमुद्रित करतात.