पदवीनंतरचा धंदा : स्वागताध्यक्षीय भाषण



उज्जयिनीच्या मराठी मंडळींच्या वतीने मी रामघाटावर आपलं मनःपूर्वक स्वागत करतो.

राणोजी शिंद्यांच्या काळात आपली माणसं या शहरात आली ती मुख्यतः मुलूखगिरीला आणि कारभाराला. दिवाण रामचंद्रबाबा शेणवींनी महाकालाचं मंदिर पुन्हा उभारलं. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी राजधानी ग्वाल्हेरला नेली. दरबार गेला, पण घराघरांत नोकरीचा मान राहिला. म्हणून आजही मुलीने पदवीनंतर धंद्याचं नाव काढलं की पहिला प्रश्न येतो, "आणि बुडाला तर?"

हा प्रश्न रास्त आहे, आणि उद्योजकतेच्या शिक्षणाने त्याला उत्तर द्यायला हवं. प्रकल्प अहवाल लिहायला आपण छान शिकवतो. उधारी कशी वसूल करायची, पडून राहिलेल्या मालाचं काय करायचं, हे मात्र मुलं हात पोळल्यावर शिकतात.

पण धंद्याची वृत्ती शिकवता येते का? १९६० च्या दशकात मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड यांनी आंध्रातल्या काकिनाड्याच्या छोट्या व्यावसायिकांना अल्प मुदतीचं प्रशिक्षण दिलं. त्यांतल्या अनेकांनी पुढे धंदा वाढवला. आपले लक्ष्मणराव किर्लोस्कर तर मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये शिक्षक होते. ती नोकरी सोडून ते बेळगावच्या सायकल दुकानात उतरले. पुढे लोखंडी नांगर केला आणि लोखंडाने जमीन नासते म्हणणाऱ्या शेतकऱ्यांच्या गळी उतरवला. १९१० च्या किर्लोस्करवाडीचं कौतुक सगळेच करतात. त्याआधीची ही खटपट वर्गात शिकवली जावी, अशी माझी तळमळ आहे.

इथून जवळच भैरवगढ आहे. तिथले कारागीर वितळलेल्या मेणाने कापडावर नक्षी काढतात, कापड रंगात बुडवतात, मग उकळत्या पाण्यात मेण उतरवतात. ती चादर पुण्याच्या गिऱ्हाइकाला विकायची तर भाव काय लावायचा? परत आली तर भुर्दंड कोणी सोसायचा? वाणिज्य शाखेच्या पदवीधराने हा हिशेब कारागिराशेजारी बसून मांडावा. २०२८ च्या सिंहस्थात याच घाटावर कोट्यवधी भाविक येतील. निवासापासून निर्माल्यापर्यंत कामं भरपूर आहेत, पण मेळा उठल्यावरही जो धंदा चालेल, त्याचाच विचार मुलांनी करावा.

उद्या सकाळच्या सत्रानंतर भैरवगढला जायची सोय केली आहे. विद्यार्थ्यांनी वही-पेन घ्यावं. पालकांनी तर यावंच. बसमधल्या पुढच्या जागा त्यांच्यासाठी राखून ठेवल्या आहेत.