हात कोणाचा, चित्र कोणाचे?



व्याख्यानमालेत थोर पुरुषांची चरित्रे सांगण्याचा प्रघात आहे. मी आज ज्याचे चरित्र सांगणार आहे, तो रूढ अर्थाने थोर पुरुष नव्हे. वर्तमानपत्रात पोरांच्या खोड्यांची चित्रे काढून पोट भरणारा तो एक कारागीर होता. चित्रकलेतले मला ओ की ठो कळत नाही. परंतु मजुरी, करार आणि मालकी या गोष्टींत माझी हयात गेली, आणि या माणसाचे सारे आयुष्य त्यांच्याभोवतीच फिरले आहे.

त्याचे नाव रुडॉल्फ डर्क्स. जन्म १८७७ सालचा, उत्तर जर्मनीतल्या हाइडे गावचा. लहानपणीच तो आईबापांबरोबर अमेरिकेत शिकागोस आला आणि पुढे न्यूयॉर्कला जाऊन हर्स्ट या वृत्तपत्रसम्राटाच्या ‘जर्नल’ पत्रात नोकरीस लागला. त्या वेळी हर्स्ट आणि पुलित्झर यांच्यात खपाची जीवघेणी चढाओढ चालू होती. रविवारची रंगीत हास्यचित्रे हे त्या लढाईतले मोठे हत्यार. जर्मनीत विल्हेल्म बुश यांचे ‘माक्स आणि मोरित्स’ हे दोन खोडकर पोरांचे पुस्तक १८६५ पासून गाजत होते. तसे काही काढ, असे संपादकाने सांगितले आणि १२ डिसेंबर १८९७ रोजी हान्स व फ्रिट्झ ही जोडी अवतरली. मालिकेचे नाव ‘कॅट्झनजॅमर किड्स’. या जर्मन शब्दाचा अर्थ मांजरांचे रडणे. बोलीतला अर्थ, दारू उतरल्यावरची डोकेदुखी! डर्क्स तेव्हा अवघा वीस वर्षांचा होता. एकापुढे एक चौकटी मांडायच्या आणि पात्रांच्या तोंडचे बोलणे फुग्यात लिहायचे, ही आज सर्वांच्या अंगवळणी पडलेली रीत रूढ करणाऱ्यांत त्याची गणना होते.

पंधरा वर्षे हे चालले. मग १९१२ च्या सुमारास डर्क्सला युरोपात जाऊन रंगचित्रे काढावीशी वाटू लागली. त्याने लांबलचक रजा मागितली, त्यावरून मालकाशी बिनसले आणि प्रकरण कोर्टात गेले. प्रश्न सरळ होता: ही पोरे कोणाची? मालक म्हणे, कागद माझा, छापखाना माझा, पगार माझा. चित्रकार म्हणे, हात माझा.

१९१४ साली निकाल लागला तो मोठा विलक्षण. नाव मालकाचे, पात्रे मात्र चित्रकाराला दुसरीकडे काढण्यास मोकळीक. म्हणजे बारसे एकाने करायचे आणि मूल दोघांनी खेळवायचे! डर्क्स प्रतिस्पर्ध्याच्या ‘वर्ल्ड’ पत्रात गेला. तेथे त्याची मालिका पुढे ‘द कॅप्टन अँड द किड्स’ या नावाने चालली. हर्स्टने जुन्या नावाखाली हॅरल्ड नेर या दुसऱ्या चित्रकाराला बसवले. तीच पोरे, तीच आई, तोच कप्तान, दोन पत्रांत, दोन हातांनी. हा प्रकार १९७९ पर्यंत चालला.

आता कोणी म्हणेल, नेर हा संपफोड्या. मला ते मान्य नाही. तोही पगारावर जगणारा माणूस. त्याने १९४९ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, ते काम इतके उत्तम केले की कित्येक जाणकार त्यालाच सरस मानतात. दोष त्याचा नव्हे. ज्या व्यवस्थेत निर्माता निघून गेला तरी नाव मालकाकडे राहते, तिच्यात रिकाम्या खुर्चीवर बसणारा कोणीतरी निघणारच.

गुणवंताला संघटनेची गरज नाही, असे पुष्कळ बुद्धिजीवी म्हणतात. त्यांनी हे चरित्र नीट पाहावे. डर्क्सला अर्धा न्याय तरी मिळाला. पण त्याला दारात उभा असलेला दुसरा धनी होता. गिरणीतल्या विणकराला असा दुसरा धनी कोठून आणायचा? शिवाय डर्क्सचेही भांडण तेवढ्यावर मिटले नाही. १९३२ साली करारावरून पुन्हा वाजले, तेव्हा पाच वर्षे त्याची मालिका दुसऱ्याने काढली. १९३७ साली तो परतला आणि उतारवयापर्यंत काढीत राहिला. पुढे ते काम मुलाने उचलले. १९६८ साली डर्क्स वारला. ज्या रंगचित्रांसाठी एवढा कज्जा झाला, त्यांपैकी काही १९१३ च्या न्यूयॉर्कमधील प्रसिद्ध ‘आर्मरी शो’ प्रदर्शनात लागली होती, हे मुद्दाम सांगतो.

हे सारे अमेरिकेतले, आपल्याला त्याचे काय, असे मनात येईल. आपल्याकडे १९५५ साली श्रमिक पत्रकारांचा कायदा झाला, त्यात पत्रकारांच्या यादीत व्यंगचित्रकाराचे नाव स्पष्ट लिहिले गेले. आणि १९५७ चा आपला स्वामित्वहक्काचा कायदा सांगतो की वृत्तपत्राच्या नोकराने पत्रासाठी काढलेल्या चित्रावर मालकाचा हक्क नियतकालिकात छापण्यापुरता. बाकीचा हक्क चित्रकाराचा. चांगली तरतूद आहे. पण तिला एक शेपूट आहे: उलट करार नसेल तर! सारी मेख त्या चार शब्दांत आहे. छापील कागद पुढे येतो, नोकरीची निकड असते, माणूस न वाचता सही करतो आणि कायद्याने दिलेले स्वतःच्या हाताने परत करतो.

म्हणून माझी विनंती एवढीच. आपल्यापैकी कोणाचा मुलगा, कोणाची मुलगी चित्रे काढीत असेल, लिहीत असेल, तर त्यांचे कौतुक अवश्य करा; पण सही करण्यापूर्वी तो कागद त्यांना वाचायला लावा, आणि एकट्याने नव्हे, चार समव्यवसायी जमवून वाचायला लावा. एकट्याने अट बदलून मागितली तर दुसरा माणूस शोधला जातो. चौघांनी मिळून मागितली तर निदान बोलणे सुरू होते.